मामा, स्पेन सपाट आहे!

इंदूर,
रविवार सकाळ

आदरणीय भाऊरावमामांस,

प्राचीचा सविनय जयभीम. डोळा कसा आहे? ऑपरेशननंतर लांबचं लख्ख दिसतं आणि जवळचं धूसर, असं दादा म्हणाला. म्हणजे नवा चष्मा येईपर्यंत हे पत्र तोच तुम्हाला वाचून दाखवणार. (बुद्धरत्नदादा, तुला वेगळा जयभीम. कंसातला मजकूर तुझ्यासाठी आहे, तो मोठ्याने वाचू नकोस. कंसाबाहेरचा मात्र एकही शब्द गाळू नकोस.) वहिनी बऱ्या आहेत ना? नागपूरचा उकाडा सोसतोय ना? इकडे आई मजेत आहे. रोज तुमची आठवण काढते आणि त्याच दमात तुमची तक्रारही करते. बहीण आहे, चालायचंच.

तर मामा, मी सायकलवरून स्पेन पाहून आले! (स्पेनचा एक तुकडा. दादा, हे वाक्य खरं म्हणायचं की खोटं यावर मी बराच वेळ पेन चावत बसले. तू आहे तसंच वाच.) महूच्या मैदानात तुम्ही मला तुमच्या काळ्या सायकलवर बसवलं होतं, मागून कॅरिअर धरून पळत होता, आणि हात सोडला हे सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून सायकलवर बसलं की मला वाटतं, मागे कुणीतरी धरलेलं आहे. चाळिशी उलटल्यावर हे धाडस केलं ते त्याच भरवशावर.

सोबत शलाका होती. पलासियाला आमच्या बँकेत ती माझ्या शेजारच्या काउंटरवर बसते. तिचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, आणि हे ती पासबुक भरून घ्यायला आलेल्यांनाही सांगते. जागा निवडली मी. तिकडे उत्तरेला गव्हाचा एक मुलूख आहे, थेट आपल्या गौतमपुऱ्याच्या बाजूसारखा. जिकडे पाहावं तिकडे शेत, मधूनच एखादं मातीच्या भिंतींचं गाव, गावात चर्चचा मनोरा आणि मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं. एका जुन्या कालव्याच्या काठाने आणि शेतांमधल्या कच्च्या वाटांनी हिंडायचं. नकाशा पाहून मी शलाकाला म्हटलं, अगदी पोळपाट आहे, पोळपाट! म्हणून सरावातही आम्ही सिमरोलचा घाट टाळला आणि सुट्टीच्या दिवशी गौतमपुऱ्याच्या रस्त्याला गेलो. सराव म्हणजे थोडी सायकल आणि बरीचशी कचोरी.

पण मामा, सपाट रस्त्याची एक गोष्ट कुणी सांगत नाही. त्याला उतार नसतो! घाट चढलेल्या माणसाला पलीकडे आयतं खाली सोडून देतात. इथे पाय थांबले की सायकल थांबली. त्यात वारा. त्याला अडवायला ना डोंगर, ना झाड. लांबच्या समुद्रावरून जो निघायचा तो पहिल्यांदा मलाच येऊन भेटायचा. आम्ही जिवाच्या आकांताने पॅडल मारत होतो आणि कालव्यातलं एक बदक नुसतं तरंगत आमच्या पुढे निघून गेलं. (दादा, ही अतिशयोक्ती नाही. मी डायरी काढून पाहिली. 'वारा बराच. बदक.' एवढं स्पष्ट लिहिलेलं आहे.) शिवाय सपाट मुलखात पुढचं गाव सकाळपासून समोर दिसत असतं. मनोरा दिसतो, करकोचा दिसतो, करकोच्याची चोचसुद्धा दिसू लागते, पण गाव काही येत नाही. शलाका मागून ओरडली, "प्राची, सपाट-सपाट म्हणून तू मला बिलकुल फसवलंस, हां! अपने खानदान में घोडे होते यार. घोड्याला कमीत कमी पाठ तरी असते. ही गादी आहे की अडकित्ता?"

अखेर गाव आलं, तर ते बंद! दुपारी तिकडे सगळे जेवतात आणि दारं लावून झोपतात. दुकानं झोपतात, खानावळ झोपते, चौकातलं कुत्रंसुद्धा एक डोळा उघडून आमच्याकडे बघून परत झोपलं. इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगणं कठीण आहे. खायला काहीच मिळणार नाही अशी वेळ आपल्या घड्याळात नसतेच. शलाकाने एका दारासमोर उभं राहून "भिया, कुछ तो होगा?" अशी हाक मारली, तर आतून खिडकीची फळी आणखी घट्ट लागली. शेवटी बाकावर बसून लौंग सेवचं उरलेलं पाकीट संपवलं आणि (लिहायला संकोच वाटतो, दादा, पण लपवणंही बरं नाही) पोह्यांवर भुरभुरायला नेलेला जिरावण मसाला तळहातावर घेऊन चाटला. बाकी मामा, दुपारची झोप ही चीज तुम्हाला तिथे फार आवडली असती.

आता खरी गंमत! दुसऱ्या दिवशी त्याच वाऱ्यात आम्ही कुंथत चाललो होतो. मागून घंटी वाजली. पाहते तर एक आजोबा, ऐंशीच्या पलीकडचे, डोक्यावर टोपी, कॅरिअरला कांद्यांची जुडी, सायकल थेट तुमच्यासारखी, काळी, आडव्या दांड्याची. मान झुकवून नमस्कार केला आणि आम्हाला मागे टाकून गेले! होळकरांचं घोडदळ बघतच राहिलं. त्यांच्यामागून एक छोटी पांढरी मोटार येत होती, तीही सायकलच्याच वेगाने. काच खाली, आणि आत पन्नाशीची एक बाई सारखी बोलते आहे. भाषा कळत नव्हती, पण सूर ओळखीचा होता. (तुझा, दादा.) आजोबा मान वळवायला तयार नव्हते. (ही मान कुणाची ते मी सांगायला नको.)

पुढच्या गावात त्यांनीच आम्हाला थांबवून कॉफी पाजली. आजोबांचं नाव सातुर्निनो, मुलीचं बेगोन्या. ती शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून बोलणं जमलं. मी विचारलं, "एवढी काळजी वाटते, तर सायकलला कुलूप का लावत नाही?" (दादा, हा प्रश्न मी निरागसपणे विचारला की उत्तर मला हवं होतं म्हणून, ते अजून ठरत नाही.) ती म्हणाली, "लावलं होतं. सगळा हिवाळा. दिवसभर खिडकीत बसून आज वारा कुठून आहे तेवढं सांगायचे, बाकी काही बोलायचे नाहीत. मग मीच काढलं. आता मी ओरडते खरी, पण गच्चीवर उभी राहिले की पार शेवटपर्यंत दिसतात. आमचा मुलूख सपाट आहे ना. इथे म्हातारा माणूस हरवत नाही. नुसता लहान-लहान होत जातो आणि परत मोठा-मोठा होत येतो."

आजोबा मध्येच काहीतरी बोलले आणि मुलीने कपाळाला हात लावला. "म्हणतात, मोटार जरा जोरात चालवायला शिक, सारखी मागे राहतेस."

मामा, मी इतकी हसले की कॉफी सांडली, आणि मग डोळे का भरले ते शलाकाला सांगता येईना. दिवाळीनंतर तुम्ही सायकलने गावाबाहेर थेट कोराडीच्या रस्त्यावर चहा पीत सापडलात, फोन घरी, घरात हलकल्लोळ. त्या दिवसापासून तुमच्या सायकलला कुलूप आहे आणि चावी दादाच्या खिशात आहे. दादाचं चुकलं असं मी म्हणत नाही. (म्हणते. नाही, म्हणत नाही. मी तिथे असते तर मीही लावलं असतं. म्हणूनच फोन केला नाही. फोनवर तू "बघू" म्हणतोस, मी "बरं" म्हणते, आणि मामा खिडकीतच राहतात.)

बाकी सगळं क्षेम. आई जयभीम सांगते आहे आणि पापड पाठवते आहे. पत्राचं उत्तर तुम्ही सांगा, दादा लिहील. त्याचं अक्षर चांगलं आहे.

तुमची भाची,
प्राची

ता. क. कंस संपले, दादा. आता सगळं मोठ्याने वाच. तुमच्या घरासमोरचं मैदान पोळपाट आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या तुमच्या गॅलरीतून त्याचे चारही कोपरे दिसतात. वहिनींबरोबर कुरडया वाळत घालताना मी ते बघितले आहेत. सकाळी ऊन चढायच्या आत मामांना चावी देत जा. ओरडायचं असेल तर गॅलरीतून ओरड.

ता. क. २. मामा, सोबतच्या खोक्यात एक हेल्मेट आहे. गॅलरीतून दिसावं म्हणून लालभडक घेतलं आहे, नाक मुरडू नका. ते डोक्यावर असल्याशिवाय पॅडलवर पाय ठेवायचा नाही. आणि कोराडी नाही. मैदान.

ता. क. ३. हेल्मेट बरोब्बर बसेल. स्पेनमधल्या दुकानात उभी राहून मी दादाला मेसेज केला होता की मामांच्या डोक्याचा घेर हवा आहे. तुम्ही दुपारी जेवून झोपला होता तेव्हा त्याने वहिनींच्या शिलाईच्या टेपने हळूच मापून कळवला. कशाला हवा, हे विचारलंसुद्धा नाही. थांबलास का दादा? वाच ना.