दाजींच्या गाडीतली हिरवी वायर

आदरणीय दाजी,

तुमच्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार (आठांपैकी पाच अंगं या क्षणी तुमच्या डॅशबोर्डखाली अडकलेली असल्यामुळे तो उरलेल्या तिनांनीच घालतो आहे, गोड मानून घ्यावा). तुमची कंबर आता कशी आहे? शनिवारी ती नीट वाकायला हवी, कारण ताईसाठी गाडीचं दार तुम्हालाच उघडायचं आहे. ताईची शाळेतली बत्तीस वर्षं त्या दिवशी संपणार. ज्या गाडीतून तुम्ही तिला नोकरीच्या पहिल्या दिवशी शाळेत सोडलंत, तिच्यातूनच शेवटच्या दिवशी घरी आणणार, आणि यातलं ताईला काडीचंही ठाऊक नाही. निर्धास्त असा. गाडी माझ्या हातात आहे.

तुम्ही कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलवू म्हणत होतात. माणूस वाईट नाही, पण शिकलेला आहे, आणि शिकलेल्या माणसाला शिकवलं तेवढंच येतं. मला मीच शिकवलं, त्यामुळे कामावर गुरू आणि शिष्य दोघेही हजर असतात (चहा मात्र एकच लागतो). तर गुरू-शिष्यांनी मिळून सोमवारी डॅशबोर्ड उघडला. आतून जे बाहेर आलं त्याला वायरिंग म्हणणं म्हणजे मांजराने खेळलेल्या लोकरीला स्वेटर म्हणणं. गाडीच्या मूळ वायरी सुती वेष्टणाच्या, ठरल्या रंगांच्या, शाळेच्या रांगेसारख्या शिस्तीत गेलेल्या. त्यांच्यावर कोणा महाभागाने गाण्यांचा टेप, धुक्याचे दिवे, छोटा पंखा आणि जास्तीचा हॉर्न असा संसार थाटलेला, तोही टेबललॅम्पला लावतात त्या वायरीने! एका फ्यूजच्या जागी तर चॉकलेटची चांदी गुंडाळलेली होती. मी सगळे जोड मोजले. सत्तेचाळीस भरले. प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी बांधली (अठ्ठेचाळिसावी माझ्या कॉलरला निघाली, पण तो भाग वेगळा).

आता गाडीच्या पुस्तकाप्रमाणे हिरवी वायर म्हणजे चावी फिरवल्यावर जिच्यात वीज येते ती, आणि काळी म्हणजे अर्थिंग. म्हणून मी हिरवीला हिरवी जोडली, चावी फिरवली, आणि डॅशबोर्डच्या खणातून धूर निघाला. (घाबरू नका, धूर बेताचा होता आणि आतला नकाशा जुनाच होता.) दोन फ्यूज कामी आल्यावर उलगडा झाला. या गृहस्थाने घरच्या वायरिंगचा नियम गाडीला लावला होता! घरात हिरवी म्हणजे अर्थिंग, म्हणून गाडीतही हिरवी म्हणजे अर्थिंग! भिंतीतला कायदा चाकांवर! मी इतका हसलो की कपाळ स्टिअरिंगला आपटलं. अशा माणसाच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला कोणी, त्याचे आईवडील तेव्हा करत काय होते, हे मी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. गाडी सोपवताना तुम्ही म्हणाला होतात, आधीच्या कारागिराला नावं ठेवू नकोस हं. तुमच्या मनाच्या मोठेपणाला माझा सलाम, पण दाजी, अशांना नाही ठेवायची तर नावं ठेवायची तरी कोणाला?

एक मात्र मान्य करायला हवं, जोड पक्के होते. प्रत्येकावर मोरपंखी दोऱ्याचे सात वेढे, वर दुहेरी गाठ आणि गाठीवर नेलपॉलिशचा थेंब. ते पाहून मला त्याच्याबद्दल क्षणभर आदरसुद्धा वाटला. तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली, वाकली, दोरा निरखला, एकच वाक्य बोलली आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. ते वाक्य इथे देण्याचं काही कारण मला दिसत नाही.

असो. दिवे लागतात, वायपर फिरतो, इंजिन पहिल्या हाकेला ओ देतं. शनिवारी अकराच्या ठोक्याला गाडी शाळेच्या फाटकाशी उभी असेल. शब्द माझा.

तुमचा,
हाती घेतलेलं काम अर्धवट न सोडणारा मेहुणा

ता. क. ही म्हणाली ते असं: "अय्या, माझं हरवलेलं मोरपंखी रीळ!" अठरा वर्षांपूर्वी तुमच्या गाडीला टेप मी बसवून दिला, एवढं मला आठवत होतं. त्याच भरात बाकीचा संसारही मीच थाटला, हे साफ विसरलो होतो. (घराचं वायरिंग मी नेमकं त्याच महिन्यात शिकलो होतो.) तुमच्या त्या ‘नावं ठेवू नकोस हं’चा उलगडा आता झाला. वर आईवडिलांबद्दल जे विचारलं आहे तेवढं खोडून वाचावं. ते ताईचेही आहेत.

आणखी ता. क. तेव्हा मी तुम्हाला वायरींच्या आकृत्यांची एक वही दिली होती. सापडली तर आजच्या आज पाठवा. माणूस हुशार होता यात शंका नाही, पण त्याच्या मनात नेमकं काय होतं ते मला कळेनासं झालं आहे.

अगदी शेवटचं. वही न सापडल्यास काळजी नको. उजवा इंडिकेटर दिला की दोन्ही हॉर्न त्याच्या तालात वाजतात, एवढंच किरकोळ राहिलं आहे. डावा निर्दोष आहे. शाळेपासून तुमच्या घरापर्यंत नुसती डावी वळणं घेत जाणारा रस्ता मी सायकलवरून स्वतः पाहून आलो. नऊ वळणं आहेत, नदीच्या काठाने मोठा वळसा पडतो, आणि दहा मिनिटांच्या जागी पाऊण तास लागतो. ताईने विचारलंच तर सांगा, बत्तीस वर्षांनंतर तुला सरळ घरी न्यावंसं वाटेना.