काकूंना विचारून

४ फेब्रुवारी
आले एकदाची! परिचारिका विद्यालय रुग्णालयाच्या मागच्या अंगाला आहे. मला कोपऱ्यातली खोली मिळाली, खिडकीतून थेट प्रसूतिकक्षाचं दार दिसतं. चादर दोनदा धुतली, कपाट पुसलं, मग आत्याला फोन केला. बाळंतपणाचं काम मी कॉलेजच्या आधी तिच्याच हाताखाली शिकले. ती म्हणाली, आता तू मॅडम, मी कुठली तुला बोलायला!

प्रात्यक्षिकाच्या खोलीत रबराची गरोदर बाई आहे. पोट पोकळ, आत बाहुलीचं बाळ. मुली तिला काकू म्हणतात. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, म्हणाल्या की काकूंची नोकरी माझ्याहून जुनी, त्यांच्याशी जपून वागा.

१९ फेब्रुवारी
आत्याचा नियम वर्गात लावला. तळवे चोळून ऊब आणायची, 'हात लावू का?' असं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. रबराच्या बाईलासुद्धा. मुली खिदळल्या. शेवटच्या वर्षातल्या सर्वांत लहान मुलीला सगळ्या धाकटी म्हणतात. तिने विचारलं, मॅडम, काकू नको म्हणाल्या तर? मी म्हटलं, तर थांबायचं.

२४ मार्च
साथ इथवर आली. मुलींना घरी पाठवलं. आता प्रात्यक्षिकाच्या खोलीत मी, काकू आणि स्टँडवरचा फोन. पडद्यावरच्या चौकोनांत मुली उशांना विचारतात, हात लावू का? धाकटी तिच्या उशीला काकूंची चुलतबहीण म्हणते. उशा कधी नको म्हणत नाहीत.

१७ एप्रिल
प्रसूतिकक्षात काम करायला माणसंच उरली नाहीत. शेवटच्या वर्षाच्या मुली तयार आहेत, अशी माझी सही हवी आहे. धाकटीचा फोन आला. म्हणाली, मॅडम, मी अजून एकाही खऱ्या बाईला हात लावलेला नाही, मला नका ना पाठवू. मी म्हटलं, अगं, उशीवर किती छान करतेस.

सही केली. मग जेवले. चव लागली नाही, पण जेवले.

२ मे
साथीच्या त्या नखशिखान्त पांढऱ्या पोशाखात सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून पाठीवर नावं लिहितात. एकीच्या पाठीवर 'धाकटी' असंच लिहिलेलं. तिने वळून माझ्या खिडकीकडे हात हलवला. मी खिडकी लावून घेतली.

१३ मे
धाकटी गेली. कक्षातूनच तिला लागण झाली. मोठ्या बाई म्हणाल्या, रडायचं नंतर बघू, आधी वर्ग घ्या. मला रडू आलंच नव्हतं. वर्ग घेतला.

१४ मे
काकूंचं पोट कोमट लागलं. ऊन लागलं असेल.

प्रात्यक्षिकाच्या खोलीला खिडकी नाही.

१८ मे
आज खालच्या वर्गाच्या मुली होत्या. विचारलं, हात लावू का?

पोटातून उत्तर आलं. नको ना, मॅडम. तिचाच आवाज. पडद्यावरच्या सगळ्या मुलींनी उशांवरचे हात उचलले – म्हणजे त्यांनीही ऐकलं.

मोठ्या बाईंना सांगितलं. म्हणाल्या, झोप काढा जरा. आणि ही तुकडी पाठवायची आहे, सह्या करून ठेवा.

२० मे
एकीने फोन करून विचारलं, आम्ही नको म्हटलं तर चालेल का? मी आवाज येत नाही असं म्हणून ठेवून दिला.

सह्या केल्या. आत्याचा फोन वाजत होता. घेतला नाही.

२१ मे
वर्ग. विचारलं.

नको, म्हणाली.

मुली बघत होत्या. बाळ फिरवून दाखवायचं होतं, राहून कसं चालेल – हात आत घातला –

आत बोटं आहेत. रबरी हातमोज्यातली. धरून ठेवलंय.

डाव्या हाताने लिहितेय. पडद्यावरचे चौकोन एकेक करून काळे होताहेत. हाक मारली, कोणी –

उजवा हात दंडापर्यंत बधिर. दुखत नाही. काहीच –

आता आत चोळल्याचा आवाज. ती तळव्यांना ऊब आणतेय.

विचारते आहे. मॅडम, हात लावू का?

नको म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

थांबायचं असतं गं, मीच तर शिकव—