ओकादा-सानच्या पिल्लाचे कान

नागोया, मार्च १९९७

प्रिय आई,

काल वहिनीचं पत्र आलं. तुझ्या वर्षश्राद्धाचा बेत कळवलाय, आणि खाली लिहिलंय, ‘वन्सं, तुम्ही याच. आई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, जपानात लेकीनं मला फुलासारखं जपलं म्हणून.’

फुलासारखं! अगं, खोटं बोलायचं तरी किती? आता सगळे नातेवाईक मला आदर्श लेक समजून बसलेत, आणि त्या ताटांपुढे मी कुठल्या तोंडानं वाढू? म्हणून आज हे लिहायला बसलेय. निदान तुझ्या-माझ्यात तरी खरं बोलू या.

तू आलीस तेव्हा मला इथे येऊन चार वर्षं झाली होती. श्रीकांत सकाळी सातला कारखान्यात जायचे. मी दिवसभर चार भिंतींशी मराठीत बोलायचे. मागच्या घरातल्या ओकादा-सान, आमच्या घरमालकीण, त्यांनी मला कुत्री विंचरायला शिकवलं. प्रदर्शनात उतरवायची लांब केसांची, निमुळत्या तोंडाची कुत्री. या देशात माझ्यावर विश्वास टाकणारी ती एकच बाई, हे तुला मी कधी सांगितलंच नाही. तुला वाटायचं, लेक परदेशात जाऊन कुत्र्यांची हमाली करते!

तू इथे असतानाच ओकादा-सान तीन आठवड्यांसाठी लेकीच्या बाळंतपणाला सेंदाईला गेल्या आणि साडेचार महिन्यांचं पिल्लू माझ्या हवाली करून गेल्या. त्या जातीचे कान उभे हवेत, पण टोकं पुढे दुमडलेली. दात येताना ते ताठ व्हायला बघतात. म्हणून टोक दुमडून गोंदानं चिकटवायचं, वर पट्टी लावायची आणि सगळे दात येईपर्यंत तसंच ठेवायचं. कान ताठ राहिला तर प्रदर्शनात त्या कुत्र्याला कोणी विचारत नाही. मी तुला बजावलं होतं की नाही? “आई, त्याच्या कानांना हात लावायचा नाही.”

“अगं, किती खाजतंय त्याला! मुकं लेकरू कळवळतंय आणि तू खुशाल कणीक मळतेस?”

“शिकवलंय तसं करतेय मी. तू मध्ये पडू नकोस.”

पण तू कसली ऐकतेस! एका दुपारी मी बँकेतून आले, तर तू पाय लांब करून बसलेली, पिल्लू तुझ्या पायांवर आडवं. वाटीत कोमट खोबरेल. गोंद, पट्टी सगळं तेलात सुटून आलेलं. आणि तू त्याचे कान डोक्याशी दाबून वरून जुन्या पातळाची चिंधी बांधली होतीस. तान्ह्या बाळाला बांधतात तशी!

“चार दिवस तेल लावून बांधले की बसतात,” तू म्हणालीस. “आपल्या घरातल्या सगळ्या पोरांची नाकं, डोकी, कान मीच तर बसवलेत. एक तुझेच काय ते हाताला दाद देईनात.”

ते वाक्य बोलायची काही गरज होती का गं? पाहुणे मला बघायला यायचे तेव्हा “केस कानांवर घे” म्हणून दारामागून खुणा करायचीस, ते काय मी विसरले होते? माझे सुपासारखे कान तू आत्या, मावशी, शेजारीण, सगळ्यांना दाखवून हसलीस. मी चिंधी ओढून काढली. तेलामुळे गोंद काही धरेना. तीन दिवसांत डावा कान बोटासारखा ताठ उभा राहिला.

आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. तुझा हात एकदा तरी चुकला, आणि माझ्या घरात चुकला, याचा मला आनंद झाला.

मग मी तुला शिक्षा केली. दुसरा शब्दच नाही त्याला. इथे चूक झाली की मिठाईचा खोका घेऊन दारात जाऊन माफी मागतात. ती मी एकटी मागू शकले असते. पण ओकादा-सान यायच्या आदल्या दिवशी मी तुला अख्खी दुपार माफीचं ‘मोशिवाके आरिमासेन’ घोकायला लावलं. तुझी जीभ अडखळली की “पुन्हा” म्हणायचे. लहानपणी तू माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचीस ना, अगदी त्या आवाजात.

“वाकून नमस्कार केला तर चालेल का गं?” तू विचारलंस.

“नमस्कार नको. त्यांच्यासारखं वाकायचं. मी सांगेपर्यंत वर बघायचं नाही.”

पासष्टीची तू, पायात श्रीकांतचे मोजे, हातात खोका. ओकादा-सानच्या दारात तू वाकलीस आणि कंबर दुखली म्हणून लगेच सरळ होऊ लागलीस. तेव्हा मी तुझ्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. तुझा पदर खांद्यावरून घसरला, तरी मी हात काढला नाही. ओकादा-सान बिचाऱ्या घाबरून जमिनीवर गुडघे टेकून “नको, नको, उठा” म्हणत राहिल्या. पिल्लू धावत तुझ्याकडे आलं, आणि तू दोन्ही हात पाठीमागे घेतलेस.

घरी आल्यावर तू एवढंच विचारलंस, “भात टाकू?”

का गं नाही माझ्या कानाखाली एक वाजवलीस? एरवी तुझा हात काही जड नव्हता उचलायला! तीन आठवड्यांनी परत गेलीस, विमानतळावर माझ्या गालावरून हात फिरवून गेलीस. मी घड्याळ बघत होते.

आता सगळ्यात वाईट ते सांगते. ओकादा-साननी तेल धुऊन कान पुन्हा चिकटवले. तू गेल्यावर दीड महिन्यात सगळे दात आले आणि दोन्ही टोकं छान पुढे दुमडून बसली. “तेलानं काही बिघडलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “दात येताना असं होतंच. आईंना कळवा हं, त्यांच्या जिवाला लागलं असेल.”

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं होतं. खुशाली, लोणचं, दादाचा गुडघा, आणि शेवटी, ‘पिल्लाचे कान बसले का गं?’

मी उत्तरात लिहिलं, ‘नाही.’

एवढंच. खाली सही केली. त्यानंतर पाच महिने तू होतीस. पाच महिन्यांत मी दोन पत्रं लिहिली, तीनदा फोन केला, आणि तो एक शब्द मागे घेतला नाही. तू पुन्हा विचारलं नाहीस. तिकडे मात्र माझे गोडवे गात राहिलीस. मला वाचवत होतीस, की तुझी लेक अशी निघाली हे लोकांना कळू नये म्हणून? दोन्ही असेल. तुला मी ओळखते.

मी येतेय, आई. पंगत बसली आणि वहिनी ते फुलाचं बोलू लागली, की मी वाढायचं थांबवून सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझी मान मी कशी दाबली ते, आणि तुला काय लिहून पाठवलं तेही. आत्याला, मावशीला, दादाला, कोणाला काय म्हणायचं ते म्हणू देत. हा माझा शब्द. तू फक्त एक कर. या वेळी मला पाठीशी घालू नकोस.

तुझी,
सुमा