शर्मिष्ठेखालची रिकामी जागा

९ नोव्हेंबर, रविवार

सामान लागलं. सामान म्हणजे दोन पिशव्या, हत्यारांची पेटी आणि माझी पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, यात काय, नकाशे का? मी हो म्हटलं. आकाश बघतो म्हणून सांगितलं की लोक स्वतःचं भविष्य विचारायला लागतात, हा अनुभव आहे.

नोकरी उद्यापासून. घड्याळाच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसायचं. गाव लहान, दिवे कमी, आणि मला तेवढंच हवं होतं. जाहिरातीत लिहिलं होतं, 'एकट्या माणसासाठी खोली. गच्ची व दुर्बीण वापरता येईल.' ठकीला ती फोनवर वाचून दाखवली तर म्हणाली, दादा, ही जाहिरात तुझ्यासाठीच छापलीय, दुसरा कोण जाणार तिथे. माझी धाकटी बहीण. आमच्या घरात आकाशाचं वेड दोघांनाच. लहानपणी एकाच सतरंजीवर उताणे पडून उल्का मोजायचो आणि ती नेहमी दोन जास्त मोजायची.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहतात. सगळं गाव त्यांना भूगोलाच्या बाई म्हणतं. सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यांनी विचारलं, प्रवास नीट झाला का, आणि मी नुसती मान डोलावली. त्या उत्तराची वाट बघत तशाच उभ्या राहिल्या. तेव्हा कळलं की त्यांना दिसत नाही. नऊ वर्षं झाली म्हणे. पण घरात वावरतात इतक्या सराईतपणे की माझाच पाय दोनदा उंबऱ्याला लागला.

१० नोव्हेंबर

दुकानाचे मालक बोलायला कमी, चहा पाजायला पुढे. पहिल्याच दिवशी एक जुनं मनगटी घड्याळ चालू करून दिलं. त्यांनी ते कानाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाले, बरं झालं आलात.

संध्याकाळी गच्चीवर गेलो. कोपऱ्यात पत्र्याची खोली, तिचं छप्पर रुळांवर मागे सरकतं. आत बाईंच्या यजमानांनी स्वतः बनवलेली दुर्बीण आहे. आरसा त्यांनी दोन हिवाळे हाताने घासला. यजमान जाऊन सात वर्षं झाली, पण नळीवर धूळ नाही. बाई रोज पुसतात.

काय सांगू, माझी पुठ्ठ्याची नळी तिच्यापुढे म्हणजे खेळणं. कृत्तिकांचा पुंजका एवढा भरगच्च कधी पाहिला नव्हता. देवयानीतली दीर्घिका बघताना श्वास रोखून धरला होता, ते श्वास सोडला तेव्हा कळलं. आठ ते साडेनऊ कसे गेले ते कळलंच नाही.

खाली उतरलो तर बाई जिन्यात बसलेल्या. काय काय पाहिलं ते एकेक करून सांगायला लावलं. मग म्हणाल्या, उद्या शर्मिष्ठेच्या खाली, ध्रुवाच्या बाजूला जी रिकामी जागा आहे, तिथे बघाल का? यांना तिथे एक मंद तारा दिसायचा. नकाशात नव्हता. अजून आहे का, एवढंच हवंय.

११ नोव्हेंबर

आहे.

माझ्या तिन्ही नकाशांत नाही. पांढरा, अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढा. शेजारचे तारे लुकलुकतात, हा लुकलुकत नाही. हात थंड पडले होते तरी चित्र काढलं, जागा मोजली, वेळ टिपली. हौशी माणसाच्या आयुष्यात असं एकदा घडतं, आणि बहुतेकांच्या घडतही नाही. कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. ठकीलाही आठवडाभर नाही. आधी खात्री करतो, मग कळवतो.

बाईंना मात्र सांगितलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

१३ नोव्हेंबर

तारा वाढतोय. काल कृत्तिकांमधल्या मंद ताऱ्यांएवढा होता, आज त्याहून ठसठशीत. पण नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, माझ्या दुर्बिणीतूनही नाही. एवढा तेजस्वी तारा लहान दुर्बिणीतून दिसायलाच हवा. बहुतेक माझी भिंगं कुचकामी.

दुकानात आज एक बारीक त्रास. स्क्रूवर नजर रोखली की नेमका तोच स्क्रू दिसेना. बाजूचे सगळे दिसतात. डोळे थकले असतील.

१५ नोव्हेंबर

डोळे मिटले तरी तो दिसतो. पापणीच्या आतून, समोर, एक पांढरा ठिपका. सूर्याकडे बघितल्यावर राहतो तसा. पण तो विरतो. हा विरत नाही.

सकाळी बाईंनी विचारलं, दिवा लावून ठेवलाय का दारात? मी म्हटलं, दिवा नाही, ऊन आलंय. त्या उन्हाकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

१८ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी थेंब टाकले, बॅटरी मारली, अक्षरं वाचायला लावली. ज्या अक्षराकडे बघायचं तेच नाहीसं होतं, त्याच्या जागी पांढरं. डॉक्टर म्हणाले डोळा उत्तम आहे, एखाद्या तरुणाला हेवा वाटावा असा. झोप काढा म्हणाले. झोप कुठून काढू? मिटल्या डोळ्यांपुढे कुणी दिवा धरून ठेवलाय.

चार दिवस दुर्बिणीला हात लावलेला नाही. तरी ठिपका वाढतोय. आता रुपयाएवढा.

२० नोव्हेंबर

दुकानात घड्याळाचं सगळ्यात नाजूक चाक चिमट्यातून सुटलं आणि मी त्यावर कोपर टेकवलं. घड्याळ कुणाच्या तरी वडिलांचं होतं. मालक रागावले नाहीत. स्वतः हात धरून घरी सोडायला आले, बरं वाटेपर्यंत टेबल तुमचंच म्हणाले. चांगला माणूस आहे. वाटेत दोनदा त्यांना गच्चीवर बोलवावंसं वाटलं, दुर्बीण दाखवायला. का वाटलं कळलं नाही. बोलावलं नाही.

बाई दारात होत्या. म्हणाल्या, तुमचे मोजे दोन रंगांचे आहेत.

२२ नोव्हेंबर

आज निघालो. एक पिशवी घेतली, भिंतीला धरून रस्त्याला लागलो. कडांनी थोडं दिसतं, मध्ये सगळं पांढरं. बसथांब्यावर पोचलो, पण कुठली बस कुठे जाते ते वाचता येईना. एकाला विचारलं, त्याने बसवलं. बस सुटली, फिरली, आणि पुढच्या चौकात कंडक्टरने मला उतरवलं. म्हणाला, भूगोलाच्या बाईंकडचे ना तुम्ही? असे कुठे निघालात एकटे? चहावाल्याला हाक मारली. त्याने दंड धरला आणि घरी आणून सोडलं. वाटेत समजावत होता, बाईंचे यजमानही सुरुवातीला असेच निघायचे. आम्हीच परत आणायचो.

मी विचारलं, त्यांनाही दिसत नव्हतं? चहावाला म्हणाला, चार वर्षं. मग एकदम दिसायला लागलं बघा. बाईंचे डोळे गेले त्याच हिवाळ्यात.

२४ नोव्हेंबर

पुठ्ठ्याची पट्टी ओळीखाली धरून लिहितो. बोटांना सवय आहे, पंधरा वर्षं बोटांनीच पोट भरलं.

बाईंना सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही. म्हणाल्या, "आमच्या ह्यांनीच मला वर बोलावलं होतं. बघ तर खरं, म्हणाले. मी बघितलं."

मी म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर बघितलं असतंत?"

सात वर्षांत कितीतरी भाडेकरू आले, पण वर कुणी गेलंच नाही, आकाशात कोण बघतं, म्हणाल्या. म्हणून ती जाहिरात. मी पहिल्यांदा बघितलं त्याच क्षणी त्यांच्या पांढऱ्यात डाव्या कोपऱ्यात थोडं काळं दिसलं. मग ते रोज पसरत गेलं आणि त्यातून वस्तू दिसायला लागल्या.

मग त्या रडल्या. आवाजावरून कळलं. स्वतःचे हात बघितले म्हणे आज, नीट. म्हणाल्या, हे माझे हात नाहीत, कुणा म्हातारीचे आहेत.

मला त्यांचा राग यायला हवा. येतो. पण पूर्ण येत नाही.

२६ नोव्हेंबर

सगळं पांढरं. कडाही गेल्या.

मी अंधारासाठी या गावात आलो होतो. आता उशीत तोंड खुपसलं, पांघरूण ओढलं, कपाटात जाऊन बसलो. अंधार नाही. कुठेच नाही. तीन रात्री झोप नाही. रात्र आहे की दिवस हे बाईंच्या चपलांवरून ओळखतो.

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. पडल्या पडल्या नावं मोजत होतो. कुणाला वर बोलावता येईल. मालक. डॉक्टर. चहावाला. डॉक्टरांवर बराच वेळ थांबलो.

२७ नोव्हेंबर

नाही. आरसा फोडायचा. मग माझं उतरणार नाही, कधीच नाही. पण माझ्यापाशी संपेल.

पेटीतली हातोडी घेऊन रांगत जिना चढलो. पत्र्याच्या खोलीला कुलूप. हाताने चाचपलं, नवं आहे, अजून तेलकट. खालून बाई म्हणाल्या, किल्ली माझ्याकडे आहे. तो आरसा यांनी हाताने घासलाय.

हातोडीही काढून घेतली. मी दिली. त्यांना दिसतं, मला दिसत नाही, झटापट कशाची करणार.

२८ नोव्हेंबर

फोन गुळगुळीत काच. बोट फिरवतो, काहीतरी वाजतं, बंद होतं. ठकीला सांगायला हवं की फोन नाही म्हणून काळजीने इथे येऊ नकोस. बाईंना नंबर लावायला सांगितला. त्या म्हणाल्या, तुमच्याच फोनवरून कालच कळवलंय. भावाच्या डोळ्यांना त्रास आहे, ये म्हणून.

कुठल्या दिवशी, विचारलं.

रविवारी —

२९ नोव्हेंबर

बाई पेपर वाचून दाखवतात. मोठ्याने, स्पष्ट, शाळेत वाचायच्या तसं. ठकीला येऊ देऊ नका म्हणून मी विनवण्या केल्या. पायाशी बसलो. त्या म्हणाल्या, तुमच्या भल्यासाठीच. नऊ वर्षं काय असतं ते मला माहीत आहे. बहिणीला कुणीतरी मिळेलच पुढे. आणि ओळी एकमेकींवर चढतायत तुमच्या, जरा खाली घ्या.

हे वाचतात त्या. मी लिहीत असतानाच.

वाचा मग. मी तिला बघू देणार नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

ठकी आली. माझा चेहरा हातात धरला. मग रडली.

सगळं सांगितलं. तारा, बाई, यजमान, सगळं. हळू सांगायचं ठरवलं होतं, पण शब्द एकमेकांत अडकले. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

म्हणाली, "दादा, आठवडाभर झोपला नाहीस तू. उद्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ."

वर जाऊ नकोस, मी म्हटलं. शपथ घे.

तिने घेतली. लगेच घेतली, लहान मुलाला हो म्हणावं तशी.

रविवार, संध्याकाळ बहुतेक

ती खाली बाईंशी बोलतेय. आवाज येतो, शब्द नाही. किल्ल्यांचा जुडगा —

मघाशी दारात आली होती. म्हणाली, मी फक्त बघून येते काय आहे ते, म्हणजे डॉक्टरांना नीट सांगता येईल. मी ओरडलो. उठलो, खुर्चीवर आपटलो. तिने उचलून बसवलं. बाहेर गेली आणि बाहेरून कडी लावली. म्हणाली, जिन्यावरून पडशील रे, दोन मिनिटांत येते.

बाईंनी नाही. तिनेच लावली.

बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत. तीन. प्रत्येकीला चार स्क्रू. पेटीतला पेचकस आहे —

वरच्या बिजागरीचे चार निघाले. पेचकस खाचेत बसेना म्हणून थांबलो. लिहिलं की स्थिर होतो.

मधल्या बिजागरीचे तीन. चौथा गंजलाय.

हाका मारतोय. वर छप्पर सरकल्याचा आवाज. दोघींची पावलं. ठकी हसली का — नाही, खोकली.

चौथा सुटत नाही. सुटत —

थांबलं सगळं. वर कुणी हलत नाही.

ठकी, नको

डावीकडे, खाली, कोपऱ्यात — काळं. खरंखुरं काळं. इतकं गार वाटतंय ते, इतकं —

ठक