कुत्र्याचे मागचे पाय

दिघोरी,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय रितावहिनी,
सप्रेम नमस्कार.

इथे आई आणि मी बऱ्या आहोत. शहापूरला तुमच्या आईबाबांना माझा नमस्कार सांगा. इकडे हलक्या धानाची कापणी आटोपली, भारी धान अजून उभं आहे. तलावाला पाणी भरपूर आहे, पण मासा बारीक निघतो. आईचे गुडघे फार दुखतात, त्यामुळे स्वयंपाक माझ्याकडे आला आहे आणि ती बसल्या जागेवरून माझ्या चुका काढते. म्हणजे तिचं ठीक चाललंय असं समजा.

तुमचे तिन्ही मेसेज मिळाले. वाचल्याच्या निळ्या खुणा तुम्हाला दिसल्या असतील, तेव्हा पाहिलेच नाहीत असं खोटं सांगत नाही. फोनही मुद्दाम उचलला नाही. फोनवर माझ्या तोंडून शब्द निघणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून हे पत्र.

दीपूची चित्रवही तुम्ही मागितली आहे. ती याच पाकिटात आहे. ती तुमचीच आहे, आणि तीन महिने ती माझ्याकडे राहायला नको होती. आणि तुम्ही लिहिलं आहे, "दीपू कुत्रं कसं काढे ते मले शिकवा. मी रोज काढून राहिली, मागचे पाय काही जमत नाहीत." सोबत तुमच्या चित्राचा फोटो. वहिनी, तुमचं कुत्रं शेळीसारखं झालंय, पण त्याचं वाईट वाटून घेऊ नका. माझ्या उन्हाळी वर्गात पहिल्या दिवशी सगळ्यांचीच शेळी होते. एकाची तर खाट झाली होती, चारही पाय सरळ आणि वर गादी.

तर आधी दोन बटाटे काढायचे. एक मोठा, आडवा. दुसरा लहान, त्याच्या पुढे आणि जरा वर. मोठा बटाटा छातीकडे जाड ठेवा आणि कमरेकडे निमुळता करा, नाहीतर कुत्रं गाभण दिसतं. दोन्ही बटाटे दोन तिरप्या रेघांनी जोडले की मान झाली. पेन्सिल दाबू नका. पहिली रेघ चुकतेच, फिकी असली म्हणजे खोडता येते. दीपू दाबून काढायची, म्हणून तिच्या पहिल्या चार पानांवर खोडरबरानं कागद फाटलेला दिसेल.

लहान बटाट्याला पुढून एक काडेपेटी चिकटवा. ते थोबाड. कान आपल्या गावठी कुत्र्यांचे पूर्ण उभे नसतात, टोकाशी पडतात. डोळा सगळा काळा भरायचा नाही, एक बारीक ठिपका पांढरा सोडायचा. तो विसरलात तर कुत्रं मेलेलं दिसतं. पुढचे पाय सोपे आहेत, सरळ खाली आणायचे.

मागचे पाय शेवटी सांगते.

वहीत एकूण बावीस कुत्री आहेत. प्रत्येकाला तिनं नाव दिलं आहे. सातव्या पानावरच्या लोळणाऱ्या कुत्र्याचं नाव भूपेश आहे, कारण "बाबा असेच पोट वर करून झोपतात". ते पाहून तुम्हाला हसू येईल की काय होईल मला सांगता येत नाही. मी ते पान पुष्कळदा पाहिलं आहे. प्रत्येक चित्राखाली तारीख आणि जागा आहे. ती सवय मी लावली. चित्र कधी काढलं, कुठे बसून काढलं, हे लिहायचंच, नाही लिहिलं तर मी चित्र तपासत नसे. माझी ही शिस्त आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

पानं मोजाल तेव्हा एक कमी भरेल. ते मी फाडलं होतं. त्याचंही सांगते.

परवा दादा आला होता. चहा घेतला, आईजवळ बसला. तुमचं नाव घेतलं नाही, "ती" म्हणाला. म्हणाला, "बसस्टँडवर कुत्रं अंगावर आलं तवा तिनं पोरीचे हातपाय तरी पाहाचे होते का नाही? माही पोरगी तिच्यानं गेली. आता मी तिले घरात घेत नाही." आई त्याच्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. मी कपबशा उचलून आत गेले. तो साकोलीची बस पकडायला निघाला तरी मी आतच होते.

तो गेल्यावर आई म्हणाली, "तू काही सांगू नोको. गेलेली पोरगी वापस येत नाही. आता तू तरी राहाले पायजे मले."

वहिनी, तुम्ही दीपूला नीट पाहिलं नाही असं तुम्ही स्वतःला रोज सांगता. दादाही तेच म्हणतो. साकोलीच्या बसस्टँडवरच्या त्या कुत्र्यानं काही केलं नाही. आता मागच्या पायांवर येते.

मागच्या पायात सगळे फसतात ते असं. आपल्याला वाटतं कुत्र्याचा गुडघा उलटा वाकतो. तसं नसतं. त्याचा गुडघा आपल्यासारखाच पुढे वाकतो, पण तो पोटाशी लपलेला असतो. खाली मागच्या बाजूला जो कोपरा दिसतो ती त्याची टाच. कुत्रं टाच उचलून चवड्यावर चालतं. हे एकदा कळलं की पाय जमतो. दीपूला ते पटेना. म्हणाली, "आत्या, टाच एवढी वर कशी राहीन?"

दहा मेपासून तलावाच्या पाळीवर, जिथे जाळी वाळत घालतात तिथे, एक पिवळं कुत्रं येऊन बसलं होतं. कुठलं होतं माहीत नाही. भुंकत नव्हतं, पळत नव्हतं, माशी बसली तरी हलत नव्हतं. मी खूश झाले. दरवर्षी लेकरांना खऱ्या कुत्र्यासमोर बसवायचं म्हटलं की कुत्रं पाच मिनिटांत उठून जातं. हे आयतं बसून होतं. अकरा तारखेला मी सातही लेकरांना पाळीवर नेलं, अर्धगोल करून बसवलं आणि म्हटलं, डोळ्यांनी पाहून काढा, मनानं काढू नका. मी स्वतः त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याचा खालचा जबडा सैल लोंबत होता, लाळ गळत होती, मागचा एक पाय ते ओढत होतं. दीपूनं ते सगळं काढलं. मी म्हटलं, तोंड मिटलेलं काढ, चांगलं दिसतं.

बाकीची लेकरं घरी गेल्यावर तिनं पुन्हा टाचेचं विचारलं. मी म्हटलं, "हात लावून पाह्य ना. हाड कुठं वाकते ते बोटाले समजते." माझेच शब्द आहेत. मला तसंच शिकवलं होतं, मडकं असो की फांदी, हात लावून पाहायचं. तिनं मागच्या पायाला हात लावला. कुत्र्यानं मान वळवून तिच्या अंगठ्याला दात लावला आणि पुन्हा तसंच बसलं. ती रडलीसुद्धा नाही. दोन थेंब रक्त आलं. तलावाच्या पाण्यानं धुतलं, मी ओढणीचं टोक बांधलं.

आरोग्य केंद्र आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. मी तिला तिकडे नेतच होते. रस्त्यात ती म्हणाली, "आत्या, आईले सांगशील तं आई मले वापस नेईन. मंग कधीच पाठवणार नाही." आणि वहिनी, माझ्या मनातही तेच होतं. तुम्ही किती वर्षांनी तिला महिनाभर आमच्याकडे पाठवलं होतं. उन्हात हिंडवू नका, कुत्र्यामांजरात ठेवू नका, असं सांगून पाठवलं होतं. नऊच दिवस झाले होते. मला लेकरू नाही, लग्न नाही, त्या एका महिन्याची मी वर्षभर वाट पाहिली होती. तुमचं खरं ठरू नये म्हणून मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरले. ओरखडा आहे, उद्या पाहू, असं तिला म्हटलं. ती खूश झाली. मीही झाले.

पंधरा तारखेला शेजारची शकुनबाई पाळीवर कपडे धुवायला गेली होती. येऊन म्हणाली, "वो पिवळं कुत्रं मेलं ना बाई. तोंडाले फेस होता." मी तेव्हा भात वाढत होते. दीपू समोरच बसली होती.

तेव्हाही उशीर झाला नव्हता. हे मी नंतर विचारून घेतलं आहे.

आईला सांगितलं. आई म्हणाली, सात विहिरींत डोकावून आणू पोरीले, आपल्याकडे कुत्रं चावलं तर तेच करतात, तुह्या बाबालेही तसंच केलं होतं, त्यायले काही झालं नाही. मी शिकलेली बाई आहे, चित्रकलेची पदविका भिंतीवर लावून बसते. मी हसले आणि तरी गेले, कारण आरोग्य केंद्रात गेलं तर कागद होणार, नाव लागणार, दादाला फोन जाणार. विहिरीला कोणी काही विचारत नाही. मे महिन्यात गावात पाणी असलेल्या पाचच विहिरी सापडल्या. मग आई म्हणाली, बोडी चालते, पाणी आहे ना त्यात. म्हणून उरलेल्या दोन वेळा आम्ही तिला शेतातल्या बोड्यांच्या, त्या लहान तळ्यांच्या, काठावर उभं करून वाकवलं. तिला खेळ वाटला. प्रत्येक पाण्यात ती स्वतःला हात हलवून दाखवत होती. सातवं झालं आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं, वहिनी. काहीतरी केलं असं वाटलं. त्या दुपारी मी झोपले.

एक जूनला दादा तिला न्यायला आला. अंगठ्याचं निशाण तोवर दिसतही नव्हतं. मी बसजवळ उभी होते. तिनं खिडकीतून ओठांवर बोट ठेवून मला दाखवलं.

जुलैच्या शेवटी तुमचा फोन आला, दीपूचा हात झिणझिणतो, ताप आहे, पाण्याचा पेला दिला की ढकलून देते. तलावावर वाढलेल्या घरातली पोर. मला फोनवरच सगळं कळलं. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुत्रं चावलं होतं का? तुम्ही म्हणालात नाही. मग आठवून म्हणालात, जूनमध्ये बसस्टँडवर एक अंगावर आलं होतं, मी नीट पाहिलं नाही. मी तुमच्यापासून दोन हातांवर भिंतीला टेकून उभी होते. त्या वेळी बोलून दीपू वाचली नसती. पण तुम्ही वाचला असतात. दादा तिथेच तुमच्याकडे वळला आणि तेव्हापासून त्यानं तुमच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती माझ्या वाट्याची होती. मी ती तुमच्यावर पडू दिली, तीन महिने.

दोन ऑगस्टला तिला स्मशानात नेलं. चार तारखेला मी वर्गातल्या उरलेल्या सहाही लेकरांना आरोग्य केंद्रात घेऊन गेले आणि सुया टोचवून घेतल्या. गावात पिसाळलेलं कुत्रं येऊन गेलं, एवढंच सांगितलं. जायला पंधरा मिनिटं लागली, येताना लेकरं रडत होती म्हणून वीस.

वर्ग बंद केला आहे. ओसरीवरचा फळा उतरवला. लेकरं अजून दारात येऊन विचारतात, "मॅडम, काहून शिकवत नाही?" मी आत जाते. कोणत्या तोंडानं शिकवू? पाहून काढा म्हणणार, आणि मला दिसलं काय?

फाडलेलं पान या पत्राला टाचणीनं लावलं आहे. मी ते तुमच्या हाती लागू नये म्हणून फाडलं होतं, आणि जाळायला दोनदा चुलीजवळ नेलं. जाळवलं नाही. ते तिचं सगळ्यांत चांगलं चित्र आहे. मागचे पाय पाहा, टाच अगदी बरोबर जागी आहे. तोंड मी सांगितलं म्हणून खोडून मिटलेलं केलंय, पण दाबून काढल्यामुळे जुनी रेघ तशीच दिसते, उघडा जबडा आणि लाळ. कोपऱ्यात तपकिरी डाग आहे तो रंग नाही. खाली तिच्या अक्षरात लिहिलं आहे, "११ मे. दिघोरी. तलावाची पाळ." नाव दिलं नाही. म्हणाली, उद्या विचारून ठेवीन.

दिघोरी, वहिनी. साकोली नाही.

या पत्राची दुसरी प्रत आणि पानाचा फोटो आजच दादाला पाठवते आहे. तो तुम्हाला न्यायला येईल की नाही, आणि आला तर तुम्ही जावं की नाही, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. त्याला तोंड दाखवायला मी उद्या साकोलीला जाते. आईला अजून सांगितलेलं नाही. ती पलीकडे तांदूळ निवडते आहे आणि कोणाले लिहून राहिली म्हणून दोनदा विचारून झालं आहे.

क्षमा मागत नाही. तुम्ही ती द्याल अशी भीती वाटते.

पत्राच्या शेवटी "दीपूची आत्या" असं लिहायची मला सवय आहे. आज नुसतं नाव लिहिते.

ज्योत्सना