बी.कॉम. होऊन खाणावळ

आये, शेवटची कित्येक वर्षं आपण दोघं दिवसभर एकाच चुलीपाशी होतो, त्यामुळे तुझ्याशी बोलायचं राहून गेलं असं म्हणता येत नाही. तरी एका गोष्टीबद्दल आपण कधीच बोललो नाही. एवढा शिकून मी खाणावळीत का राहिलो, हे तू नीट विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. आज दुपारची पंगत लवकर उठली, थोडी सवड आहे, म्हणून लिहायला बसलोय.

शेवटच्या वर्षाला सरांनी वर्गात एकेकाला उभं करून विचारलं होतं, पुढे काय करणार? बहुतेक मुलं गिरगाव-दादरची. कुणाला बँक हवी होती, कुणाला विमा कंपनी. दोघंतिघं म्हणाले, मराठी राज्य झालं की मुंबईत सरकारी जागा निघतील, तिथे बघू. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "आईची लालबागला खाणावळ आहे, ती चालवीन." वर्ग हसला. सरांनाही थट्टाच वाटली असावी, त्यांनी हातानेच मला बसायला सांगितलं. वर्गातला एकजण आपल्या शेजारच्या चाळीतला. संध्याकाळच्या आत ते तुझ्या कानावर गेलं.

तू भाकऱ्या थापतेयस. मान वर न करता म्हणतेस, "झिला, धुरात बसूचा होता तर कॉलेजात कित्याक गेलंस?"

"मला आवडतं," मी म्हणतो.

"माका कोणी इचारल्यान, काय आवाडता म्हणून?"

बाबा गेल्यावर, मी चालायला लागायच्या आधीपासून, तू गिरणीतल्या गाववाल्यांना जेवू घालत होतीस. त्यांची बायकामुलं कोकणात, इथे त्यांना घर म्हणजे तुझी पंगत. तुला ते काम नशिबाने दिलेलं. मला मात्र ते एका दिवशी आवडलं होतं, आणि तो दिवस मी तुला तेव्हाच सांगायला हवा होता.

मी कॉलेजात असतानाची गोष्ट, संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. गिरण्या बंद, भाजीबाजार बंद, रस्त्यात पोलीस. मला मोर्च्यात जायचं होतं आणि तू दार अडवून उभी राहिलीस. "गिरण बंद आसली तरी पोट बंद नाय," म्हणालीस आणि मला तांदूळ धुवायला बसवलंस. भात आणि कुळथाची पिठी, एवढंच होतं. दुपारनंतर माणसं मागच्या गल्लीतून एकेक करून आली. अश्रुधुराने डोळे लाल झालेले. गिरणीच्या साचेखात्यात मागावर काम करणारा एकजण डोक्याला धोतराची पट्टी बांधून आला, दारातच उभा राहून विचारू लागला, "आज पण जेवण आसा?" तू पाट सरकवलास. तो टेकला आणि खाली मान घालून जेवू लागला. बाहेर घोषणा चालूच होत्या. आत तू डाव घेऊन फिरत होतीस आणि मी तुझ्यामागून भात वाढत होतो. मोर्च्यात गेलो नाही याचं संध्याकाळी मला काही वाटेनासं झालं.

पण बी.कॉम. झाल्यावर, मी नोकरी करावी ही तुझी इच्छा मला मोडवेना. माझी जुनी चप्पल मापाला पिशवीत घालून तू दादरला गेलीस आणि काळे बूट आणलेस. ते घालून मी फोर्टातल्या एका बँकेत लागलो. वाईट नव्हतं तिथे. माणसं चांगली, डोक्यावर पंखा. वर्ष-दीड वर्ष गेलं आणि तुझी मनगटं आखडली. भाताचं पातेलं उचलेना. तू मला काही बोलली नाहीस, जेवायला येणाऱ्यांना मात्र सांगितलंस, "दुसरी खाणावळ बघा. माका झिलाक हयसर बसवूचा नाय." त्यांच्यातल्याच एकाने ते मला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी बँकेत राजीनामा दिला.

मग तू माझ्याशी बोलेनास. पाटावर बसलेल्या कुणाला तरी म्हणायचीस, "त्येका सांगा, भात उतर." तो बिचारा घास हातात धरून माझ्याकडे वळायचा, "भात उतर रे." सगळी पंगत गालात हसायची. असे बरेच दिवस गेले. एकदा मी बांगड्याचं तिखलं केलं. तू बोटाने चाखलंस आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणालीस, "तिरफळां कमी पडली." मी आणखी चार टाकली. त्यानंतर तू बोलू लागलीस, जणू काही झालंच नव्हतं.

तुझ्या दिवसकार्याला गावी गेलो तेव्हा वाडीतल्या एका म्हाताऱ्याने माझा हात धरला. म्हणाला, "तूच मां तो बँकेतलो? तुझ्या आवशीन सांगल्यान, माझो झील बँकेत सायब आसा." आजूबाजूचे सगळे माना डोलावत होते. दर गणपतीला जाऊन तू त्यांना काय सांगत होतीस, ते मला त्या दिवशी कळलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीये, म्हणून लिहितो. मी त्या म्हाताऱ्याला "होय" म्हणालो. अजूनही गावी गेलो की कुणी ना कुणी विचारतं, बँक कशी काय? मी सांगतो, बरी चाललीय.