सोडवणीचं कडवं

कुडवा, गोंदिया
मंगळवार, दुपार

प्रिय धनू,

परवा फोनवर तू म्हणालास की महिना संपायच्या आत कंपनीला सांगून गाण्यातून मायचा आवाज काढून टाकतो, दुसऱ्या कोणा बाईकडून तुझ्या सासऱ्याचं नाव न घेता गाऊन घेतो, म्हणजे दीदी, तुझ्या सासरी शांतता. मी 'बरं' म्हटलं आणि फोन ठेवला. आता सांगते, थांब. हे पत्र वाचून होईपर्यंत कशालाही हात लावू नको. फोनवर हे सांगता येत नाही म्हणून लिहून राहिले. तुझ्या मागे कोणीतरी सारखं गिटार कुरकुरवत असतं, माझ्या मागे कुकर, आणि दुसऱ्या वाक्यालाच आपण भांडतो. घरी आपण पोवारी बोलतो पण कागदावर मला शाळेतली मराठीच येते, तेव्हा दीदी पुस्तकासारखी का बोलते म्हणून दात काढू नको.

सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. वाळत घातलेले कपडे काढले, पुन्हा घातले. भाजीत मीठ टाकलं की नाही ते आठवत नाही, तुझे जीजाजी मुकाट्याने खाऊन कामावर गेले, म्हणजे टाकलं नसावं. आता ओट्यावर बसून लिहून राहिले आणि मधूनच उठून अंगणात जाऊन येते. तिथे काही नाही, तरी जाते.

तुझा मला राग होता, तो आधी सांगून टाकते. माय गेली तेव्हा तू तिसऱ्या दिवशी आलास, कोरड्या डोळ्यांनी बसलास, तेरवीही न करता परत गेलास. मी मनात तुला पोटभर शिव्या दिल्या. म्हटलं, याचं काळीज त्याच्या ढोलासारखंच, वरून आवाज आणि आत पोकळ. मग अल्बम निघाला, तेही तू सांगितलं नाहीस. मारधाडीच्या सिनेमासाठी नऊ रॉक बँडची नऊ गाणी एकत्र केली आणि त्यातलं एक आपल्या 'हलर'चं आहे, एवढं तर सांगता आलं असतं. गावच्या राईस मिलच्या माळ्यावर, धान सडणाऱ्या हलर मशीनच्या डोक्यावर, तुम्ही पोरं बडवाबडवी करायचे तेव्हा बाबूजी म्हणायचे, खाली हलर अन् वरही हलर, कोणतं बंद करू? तुम्ही ते नावच लावून घेतलंत. बेशरमच आहात, पण तेव्हापासून मला ते नाव आवडतं.

मी पहिल्यांदा ऐकलं ते नाक्यावर. सांभार, तुमच्या तिकडची कोथिंबीर, घेऊन राहिले होते. समोरच्या मोबाइलच्या दुकानात स्पीकर लावलेला. आधी तुमची ती घरघर, मग ढोल, आणि मग माय. 'हिरालाल इवाई आयेव, पंगतमा सूपभर भात खायेव.' धनू, मी मागे वळून पाहिलं. तिला जाऊन वर्ष उलटलं, तिची राख वैनगंगेत गेली, आणि मी सांभाराची जुडी हातात धरून मागे वळून पाहिलं की माय कुठे उभी आहे. भाजीवाली म्हणाली, बाई, पैसे. मी तिला पैसे दिले आणि जुडी तिथेच विसरून घरी आले.

मग जीजाजींनी मला सिनेमातला तो तुकडा फोनवर दाखवला. हिरो मालगाडीच्या टपावर गुंडांना उचलून उचलून फेकतो आहे आणि मागून माझी माय माझ्या सासऱ्याच्या पोटाची मोजदाद करून राहिली आहे. खाली कोण्या शहाण्याने लिहिलं होतं की हा जंगलातल्या लोकांचा प्राचीन रणघोष आहे, अंगावर काटा येतो. मी हसत सुटले. हसता हसता मोरीत जाऊन रडले. तुझ्या त्या मुंबईच्या गिटारवाल्या पोराला एकदा नीट समजावून सांग रे बाबा, की आमच्याकडे लग्नात पोरीकडच्या बाया पोराच्या बापाला, म्हणजे इवाईला, पंगतीत बसवून नाव घेऊन शिव्या गातात, आणि त्याने मान खाली घालून जेवायचं असतं. माझ्या लग्नात तू भिंतीला टेकून फोनवर ते भरून घेतलंस आणि तेवढंच आता सगळ्या देशभर वाजतंय.

पण नाव हिरालाल राहिलं ना. माझ्या सासऱ्याचं, मामाजींचं, आयुष्य रेल्वेत तिकिटं तपासण्यात गेलं. ज्यांच्या नुसत्या खाकरण्यावर लोक संडासात लपायचे, त्यांच्या नावावर आता नाक्यावरची पोरं नाचतात. पानठेल्यावरचा इंद्रकुमार तर तोंडावर विचारतो म्हणे, काकाजी, आज किती सूप? मामाजींनी बाहेर जाणंच सोडलं. पेपर उघडतात पण पान पलटत नाहीत. नात्यातल्या नंदलालच्या पोराच्या लग्नाची पत्रिका आली, ती तशीच देवघरात ठेवली, म्हणाले धुमालवाले वरातीत तेच गाणं वाजवतील, मी येत नाही. माझ्याशी बोलणं बंद. चहा नेला की खिडकीकडे बघत घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या, होईल ठीक, पुरुषाचा मान म्हणजे ओलं धान, वेळ लागतो वाळायला. तू माफी मागायला फोन केलास, त्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. आपण दोघंही धरून चाललो की त्यांना नावाचा राग आहे. म्हणून तू आवाज काढायला निघालास आणि मी 'बरं' म्हटलं. 'बरं' म्हटलं खरं, पण त्या रात्रीपासून मला झोप नाही. मायला दुसऱ्यांदा घराबाहेर काढून राहिलो, असंच वाटत होतं.

काल दुपारी मी अंगणात तांदूळ पाखडत होते. मामाजी खाटेवर. ती शांतता मला सोसवेना. तू जाणतोस, माझं डोकं तापलं की मला आवरत नाही. मी सूप आपटलं आणि म्हटलं, काढायला सांगितला आहे आवाज, महिनाभरात तुमचं नाव निघून जाईल, आता तरी तोंड उघडा, माझ्या मायचा आवाज पुसून तुम्हाला बरं वाटत असेल तर पुसू द्या. सासऱ्याशी असं बोलतात का? पण बोलून गेले.

ते खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, "मले नावाचा राग नाही बाई. शिव्या तर मी मजेनं खाल्ल्या. पण तुझ्या भावानं शिव्या ठेवल्या अन् सोडवण काटून टाकली. तुझी माय मेली. मेलेल्या बाईच्या तोंडात शिवी ठेवली त्यानं, आता ते कोण उतरवीन?"

धनू, सोडवण. मी विसरलेच होते रे. शिव्या संपल्या की नवरीची माय रिकामं सूप इवाईपुढे धरते आणि शेवटचं कडवं म्हणते, आणि इवाई सुपावर फुंकर मारतो. मग शिवी उडाली, कोणाच्या अंगावर नाही, कोणाच्या जिभेवर नाही. ते कडवं राहिलं तर शिवी गाणारीच्या माथी बसते, असं आपल्या बाया म्हणतात. माणूस एवढे दिवस घरात कोंडून बसला तो आपल्या अब्रूसाठी नाही. पोरांनी नाव घेतलं की दर वेळी माझ्या मायवर एक शिवी चढते, म्हणून बसला होता. आणि मी त्यांना काय नाही ते बोलले.

मी म्हटलं, त्या दिवशी बाबूजींनी धनूला वाढायला बोलावलं होतं, त्याने भरणं तिथेच बंद केलं. कडवं कुठेच नाही. मामाजी म्हणाले, माय नसली तर पोरीला म्हणता येते. मला गाता येत नाही, तुला माहीत आहे. शाळेत मला प्रार्थनेतही मागे उभं करायचे. पण सूप हातात होतंच. त्यातले तांदूळ मी परातीत ओतले, त्यांच्यापुढे धरलं, आणि तोंड उघडलं तर सगळं आलं. कुठून आलं ते देव जाणे. 'मोरा बोल पाखडजो इवाई, कोंडा उडावजो, दाना राखजो.' माझे बोल पाखडून घे, कोंडा उडू दे, दाणा ठेव. शेवटच्या शब्दाला माझा गळा बसला, कारण दाणा म्हणजे मी. लग्नात माय तिथेच थांबली होती, तेव्हा मला कळलं नव्हतं ती का थांबली. मामाजींनी टोपी काढली, वाकून सुपावर फुंकर मारली. थोडा भुसा माझ्या डोळ्यात गेला. मग म्हणाले, लाव आता तुझ्या भावाचं, मोठ्यानं लाव. सासूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. संध्याकाळी ते पानठेल्यावर गेले.

तेव्हा तू तो आवाज काढू नको. आणि माझा राग मी मागे घेते. तू अंगणात रडला नाहीस, ढोलात रडलास, मला ऐकू यायला वर्ष लागलं.

आता खरी गोष्ट. तुझे जीजाजी जेवायला घरी आले होते, ते दारात उभे राहून हे सगळं फोनवर भरून घेत होते, मला पत्ता नव्हता. मी ते एकदाच ऐकलं. मधे कुकरची शिट्टी आहे, मामाजींचा खोकला आहे, आणि गळा बसतो तिथे तर काही विचारू नको. पत्र मिळालं की मला मिसकॉल दे, मग धाडते. आधी धाडत नाही, कारण तू एकटा असताना अचानक ऐकलंस तर माझ्यासारखाच मागे वळून पाहशील. तो माझा आवाज आहे, धनू, मायचा नाही. मलाही काल पटत नव्हतं. कंपनीला सांग गाणं थोडं लांबतंय, आणि मायच्या शिव्या संपल्या की मागोमाग ते कडवं लाव. शिट्टी राहू दे.

तुझी वाट बघणारी, तुझीच
योगेश्वरी दीदी